डिसेंबरात गळणारं छप्पर

"डेकचं छप्पर गळतंय हो," काका फोनवर म्हणाले.

डिसेंबर अर्धा उलटला होता, आभाळ कोरं होतं आणि नाशिकच्या रस्त्यांवर धूळ उडत होती. मी म्हटलं, "काका, टाकी ओव्हरफ्लो होत असेल."

"टाकी घराच्या पलीकडच्या अंगाला आहे. आणि हे फक्त पहाटे गळतं. नऊ वाजले की बंद."

गळतीची कामं मी फारशी घेत नाही. त्यात भांडणं जास्त आणि पैसे कमी. पण वेळ पाळून गळणारं छप्पर कधी ऐकलं नव्हतं, म्हणून दुपारी गाडी गिरणारे रस्त्याला वळवली.

घर गंगापूर धरणाच्या फुगवट्याजवळ. काका बँकेतून निवृत्त झालेले. काकूंना लाकडाचा भारी नाद. जुन्या नाशकातला एक वाडा पाडला जात होता, तिथून त्यांनी सागाचे वासे विकत घेतले होते. हाताने तासलेले, एकाही वाशाची जाडी दुसऱ्याशी जुळत नाही असे. पाण्याच्या बाजूला डेक काढून त्यावर ते बसवले, वर पाऊण इंची सागाच्या फळ्या ठोकल्या आणि त्यावर रंगीत पत्रा. कल्पना अशी की खाली झोपाळ्यावर बसून वर पाहिलं की वाड्याची तक्तपोशी, म्हणजे लाकडी छत, दिसावी.

मी वर पाहिलं. वासे देखणे होते. पण दोन वाशांच्या मधल्या फळ्यांतून, ओळीने, स्क्रूची टोकं बाहेर आलेली. प्रत्येक टोकाभोवती काळा डाग. साग आणि ओलं लोखंड एकत्र आलं की लाकूड असं काळवंडतं, सुतारांना हे पाठ असतं. म्हणजे इथे पाणी येत होतं हे नक्की, आणि एकदोनदा नाही, रोज.

वर चढून बघितलं तर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉनचा गोळा. आधी येऊन गेलेल्या कोणीतरी ट्यूबच्या ट्यूब रिकाम्या केल्या होत्या. त्याखालचे रबरी वायसर मात्र ठणठणीत, पत्रा नवा, सांधे नीट. पाइप लावून तासभर पाणी सोडलं. खाली एक थेंब नाही.

"बघा," काका म्हणाले, "तो माणूसही हेच करून गेला. पाणी मारलं की गळत नाही, आणि सकाळी फरशी ओली."

काकूंच्या सासूबाई, आम्ही त्यांना आजीच म्हणायचो, झोपाळ्यावरून म्हणाल्या, "वाड्याचं लाकूड उचलून आणलंत. काही राहिलं असेल कोणाचं त्यात." काकूंनी डोळ्यांनीच मला खुणावलं, की याला उत्तर देऊ नका.

मी त्या रात्री तिथेच मुक्काम केला. पहाटे उठून डेकवर आलो तेव्हा पारा दहाच्या खाली होता, धरणावर धुक्याचा पातळ थर होता, आणि छपरातून टप टप चाललं होतं. बॅटरी मारली. प्रत्येक टोकाला एकेक थेंब लोंबत होता. वाशांवर जे स्क्रू योगायोगाने बसले होते त्यांच्या खाली कोरडं. मधल्या सगळ्या टोकांवर पाणी.

शेजारचे द्राक्षबागाईतदार कानटोपी घालून बागेत फिरत होते, पानं उलटी करून बघत. थंडी फार पडली तर त्यांच्याकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. त्या दिवशी तेवढी नव्हती. मी त्यांना हाक मारून छप्पर दाखवलं. त्यांनी वर बघितलंही नाही.

"दव आहे हे," ते म्हणाले. "तुमची गाडी बघा. आणि आंब्याखाली माझी मोटारसायकल बघा."

माझी गाडी उघड्यावर होती, धुतल्यासारखी ओली. आंब्याखालची मोटारसायकल कोरडी. पान किती तास ओलं राहिलं यावर द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचा फवारा ठरवणाऱ्या माणसाला दवाचं शिक्षण द्यावं लागत नाही. मी मात्र पत्र्याकडे त्या नजरेने बघितलं नव्हतं, कारण छपराच्या धंद्यात आमची मान कायम पावसाकडे वळलेली असते.

निरभ्र रात्री उघड्या आभाळाखालची कोणतीही वस्तू आपली उष्णता वर सोडत राहते. ढग असले तर त्यातली बरीच परत मिळते, झाड वर असलं तरी मिळते. आभाळ कोरं असलं तर मिळत नाही. पत्रा पातळ, अर्धा मिलिमीटर; त्यात साठवलेली उष्णता ती किती? तो भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. डेकला भिंती नाहीत, त्यामुळे धरणावरची दमट हवा सरळ पत्र्याच्या खालच्या अंगाला भिडते आणि तिथे पाणी धरतं. ते पाणी पत्र्याच्या खाचेतून फळीवर उतरतं आणि पहिलं भोक सापडेल तिथून, म्हणजे स्क्रूच्या अंगावरून, खाली येतं. काही थेंब तर थेट टोकावरच धरत होते, कारण स्क्रू हा त्या थंड पत्र्याचाच खाली आलेला तुकडा. दुपारी पाइपने मारलेलं पाणी पत्र्याच्या वरून वाहून गेलं. गळत होतं ते खालच्या अंगाला, जिथे सिलिकॉन पोचूच शकत नाही.

काकांना पटेना. "म्हणजे पत्र्याला आतून घाम येतो?"

मी सांगत बसलो नाही. संध्याकाळी आजींच्या जुन्या गोधड्या आणि शेजाऱ्यांकडची ज्यूटची बारदानं मागून आणली आणि अर्ध्या छपरावर अंथरून दोरीने बांधली. अर्धं तसंच उघडं ठेवलं. गोधड्या छपरावर जाताना पाहून आजी म्हणाल्या, "आता छपराला थंडी वाजायला लागली का?" नेमकं तेच होतं, पण त्यांना ते टोमण्यासारखं म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काका माझ्या आधी डेकवर उभे होते. बारदानाखालचा भाग कोरडा, उघड्या भागाखाली टपटप. सीमारेषा इतकी स्वच्छ की बोटाने दाखवता यावी. काकांनी फरशीवर खडूने तिची रेघ ओढली आणि फोटो काढून कोणाकोणाला पाठवला. त्यांच्या एका मित्राचं लगेच उत्तर आलं: खालून पीव्हीसीचं फॉल्स सीलिंग मारून टाका, स्वस्तात काम होईल. काकूंनी तो फोन हातात घेतला, वाचला आणि परत दिला. "मग वासे कशाला आणले? वखारीत दाखवायला?"

इथून खरं काम सुरू झालं.

आतून वासे उघडे ठेवायचे असतील तर छप्पर खालून वर बांधावं लागतं, हे जुने वाडे बांधणाऱ्यांना माहीत होतं. वाड्याच्या कडीपाटाखाली, म्हणजे कड्या आणि त्यावरच्या फळ्यांच्या छताखाली, उभं राहून वर बघा, खिळ्याचं टोक दिसत नाही. खिळा वरून कडीत जातो आणि कडीतच संपतो. या डेकवर पत्रा थेट फळ्यांवर टेकला होता आणि स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावरून, सापडेल तिथे मारले होते. उंचवटा साधारण 30 मिलिमीटर, फळी 19. झाले 49. स्क्रू 65चा. म्हणजे 16 मिलिमीटर टोक खाली दिसणारच होतं, हे पहिला स्क्रू मारायच्या आधी कागदावर कळत होतं.

काकूंना वाटलं, पत्रा काढतोच आहोत तर मंगलोरी कौलं घालू. मलाही मोह झाला. कौल थोडं पाणी पितं, सांध्यांतून हवा खेळते, आणि दवाचा त्रास त्याला पत्र्यासारखा नाही. पण या छपराला दहा फुटांत जेमतेम पावणेदोन फूट उतार होता. मंगलोरी कौलाला त्याच्या दुपटीहून जास्त लागतो, नाहीतर त्र्यंबकच्या बाजूने येणारा तिरका पाऊस कौलाच्या सांध्यातून उलटा वर चढतो. उतार वाढवायचा तर वरचं टोक पहिल्या मजल्याच्या खिडकीत जात होतं. शिवाय कौलांचं वजन पत्र्याच्या आठ-दहा पट. खालच्या तुळया आणि खांब त्या हिशोबाने घातलेले नव्हते. काकू दोन दिवस नाराज होत्या.

पत्रा उतरवला, स्क्रू उलटे फिरवून काढले. फळ्यांत राहिलेली भोकं आमच्या मिस्त्रींनी सागाच्याच खुंट्या करून बुजवली. मिस्त्री साठीचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, आणि त्यांच्या हातात घाई नाही. मी म्हटलं, "मामा, पुट्टी भरा आणि पुढे चला." ते म्हणाले, "पुट्टी उन्हाने सुटेल आणि मग लोक माझं नाव घेतील, तुमचं नाही." खुंट्याच बसल्या. काळ्या डागांवर ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी लावलं. बरेच निघाले, काही फिके होऊन राहिले.

मग फळ्यांवर पाणी अडवणारा मेंब्रेन अंथरला, त्याची खालची कड पन्हाळीत सोडली. मेंब्रेन टाकला की खालचे वासे दिसेनासे होतात, म्हणून आधीच दोन्ही टोकांना खुणा करून ठेवल्या होत्या. रंगवलेली दोरी ताणून प्रत्येक वाशाच्या मधोमध रेघ मारली. हाताने तासलेला वासा सरळ नसतो, त्यामुळे काही रेघा मध्येच तोडून जोडाव्या लागल्या. मामा वरून हाक मारायचे आणि खालून पोरगा हातोडीने वाशावर ठोकून सांगायचा, बरोबर की चुकलं. त्या रेघेवर 40 मिलिमीटर जाडीची उभी पट्टी, 125च्या स्क्रूने. 40 पट्टीत, 19 फळीत, उरलेला 66 वाशाच्या पोटात. सव्वाशे मिलिमीटर खोल वाशातून टोक बाहेर येण्याचा प्रश्नच नाही. त्या उभ्या पट्ट्यांवर 50 मिलिमीटरच्या आडव्या रिपा, रिपांवर खालून फोम चिकटवलेला नवा पत्रा. पत्र्याचा स्क्रू तोच 65चा वापरला. 30 उंचवट्यात, 35 रिपेत, संपला.

फोममुळे दव कमी धरतं. पूर्ण थांबतं असं मी कोणाला सांगत नाही. जे पडेल ते मेंब्रेनवर पडतं आणि दोन उभ्या पट्ट्यांच्या मधून पन्हाळीत जातं. पट्ट्या उताराच्या दिशेने असतात त्या याचसाठी. फळीवर थेट आडवी रीप मारली असती तर तिने पाणी अडवून धरलं असतं आणि स्क्रूलाच पाजलं असतं. वर भिंतीकडे आणि खाली पन्हाळीकडे इंचभर फट ठेवली, म्हणजे दिवसा वारा आत शिरून सगळं वाळवतो. फटीला स्टीलची जाळी. जाळी नसेल तर चिमण्या आणि गांधीलमाश्या आधी राहायला येतात.

एक गोष्ट मी काकांनी न सांगता केली आणि त्यावरून बिलात थोडी कुरबूर झाली. वासे तुळईवर नुसत्या खिळ्यांवर बसले होते. उघड्या डेकचं छप्पर वारा खालून उचलतो, वरून ओढतो, दोन्ही एकदम. भिंती असलेल्या खोलीपेक्षा इथे जोर जास्त. मे महिन्यात वळवाच्या वादळात पत्रे शेतात सापडतात ते बहुतेक अशाच छपरांचे. प्रत्येक वाशाला लोखंडी पट्टीने तुळईशी आणि तुळईला बोल्टने खांबाशी बांधलं. पट्ट्या वाशाच्या वरच्या अंगाने फिरवल्या, खालून दिसू दिल्या नाहीत. काकूंची एवढीच अट होती.

काम संपल्यावर ज्याने पहिला पत्रा टाकला होता त्या कंत्राटदाराचा फोन आला. काकांनी खडूच्या रेघेचा फोटो त्यालाही पाठवला होता. मला वाटलं भांडेल. त्याने विचारलं, "दादा, 50चा स्क्रू मारला असता तर?"

"मिलिमीटरभर टोक तरीही आलं असतं. आणि दव तर पडलंच असतं."

"हं." थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझं असंच एक डेक चालू आहे. फळ्या झाल्यात, पत्रा येऊन पडलाय."

मी त्याला म्हटलं, पत्रा राहू दे बाजूला, आधी वाशांच्या खुणा दोन्ही टोकांना करून घे आणि उभ्या पट्ट्यांचं लाकूड मागव. त्याने 125चे स्क्रू कुठे मिळतात ते विचारून घेतलं.