तुम्ही विचारलंत म्हणून: एब्रोच्या काठी आधी वारा, मग नकाशा

“बार्सिलोनाला येतोय, चार दिवस मोकळे आहेत, रोड बाईकवर एब्रो नदीच्या खालच्या खोऱ्यात कुठले रस्ते करू?” प्रश्न नेहमी साधारण असाच असतो, आणि त्याला जोडून लगेच चढाची चौकशी: घाट किती, टक्के किती. चढाचं सांगतेच, पण नदीकाठच्या तोर्तोसा शहराच्या परिसरात दिवस वाया जातो तो बहुतेक वेळा चढामुळे नाही, चुकीच्या दिशेनं निघाल्यामुळे. इथे मार्ग वाऱ्यानं ठरवायचा असतो.

एब्रो सुमारे 930 किलोमीटर वाहून भूमध्य समुद्राला मिळते. शेवटच्या टप्प्यात तिला किनाऱ्यालगतच्या डोंगररांगा कापून जावं लागतं, तेही पास द लासे आणि बार्रुफेमेससारख्या अरुंद खिंडींमधून. बिस्केच्या उपसागराकडे हवेचा दाब जास्त आणि भूमध्याकडे कमी असला की सगळी हवा पिरेनीज आणि इबेरियन रांगांच्या मधल्या या पन्हळीतून खाली लोटली जाते. हाच वायव्येचा वारा. वर आरागोन प्रांतात त्याला सिएर्सो म्हणतात, इथे मेस्त्राल. हिवाळ्यात आणि वसंतात त्याचा जोर जास्त, आणि एकदा सुटला की सलग काही दिवस थांबत नाही. उन्हाळ्यात मात्र सकाळ शांत असते आणि दुपारी समुद्रावरून खारे वारे आत येतात, म्हणजे बरोबर उलट दिशेनं.

हिशेब साधा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ताशी 25 किलोमीटरनं जाताय आणि समोरून 30 चा वारा आहे, तर अंगावर येणारी हवा 55 ची झाली. रोध जवळजवळ पाचपट. सपाट रस्त्यावरही 25 चा वेग टिकणार नाही, 15 वर याल, आणि असं 60 किलोमीटर जायला अडीचऐवजी चार तास धरावे लागतील. म्हणून मेस्त्रालच्या दिवशी सकाळी ताज्या पायांनी नदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाला जायचं आणि वारा पाठीशी घेऊन परतायचं. उन्हाळ्यात पहाटे समुद्राकडे उतरायचं आणि दुपारचे खारे वारे पाठीवर घेऊन आत यायचं.

पहिल्याच दिवशी याचा फायदा घेता येतो. बार्सिलोनाहून प्रादेशिक रेल्वेगाडीनं थेट तोर्तोसाला येता येतं, पण अंदाज मेस्त्रालचा असेल तर दुसऱ्या मार्गावरची गाडी पकडून मोरा ला नोव्हाला उतरा. तिथून जिनेस्तार, रास्केरा, बेनिफायेत, तिवेन्स, बितेम करत डाव्या काठानं तोर्तोसा 45-50 किलोमीटरवर आहे, आणि बराचसा रस्ता वारा ढकलत नेतो. रास्केरापाशी एक छोटा चढ आहे, आणि तिथला तुकडा सी-12 या मुख्य रस्त्यावरून जातो. तेवढं सोडलं तर बेनिफायेतच्या खालचा काठ संत्र्याच्या बागांमधून जाणारा, कमी रहदारीचा, या खोऱ्यातला सगळ्यात सुखाचा रस्ता आहे. प्रादेशिक गाडीत सायकल सुटी न करता चढवता येते, पण जागा मोजक्या असतात, म्हणून शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार टाळा. वेगवान गाड्यांमध्ये सायकल खोलून पिशवीतच न्यावी लागते.

जिनेस्तारहून समोर नदीपलीकडे मिरावेतचा किल्ला दिसतो. टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाचा हा किल्ला 1308 मध्ये त्यांच्या हातून गेला. तिथे पूल नाही, नदी ओलांडायला तराफा आहे. दोन होड्यांवर फळ्यांची तक्तपोशी, वर आडवा बांधलेला तारेचा दोर, आणि इंजिन नाही. नावाडी सुकाणू तिरकं धरतो आणि नदीचा प्रवाहच तराफा पलीकडे नेतो. पाणी चढलं की तो बंद असतो आणि दुपारी जेवणाची सुट्टीही असते. त्या वेळेत पोहोचलात तर मोराच्या नाहीतर बेनिफायेतच्या पुलापर्यंतचा वळसा पडतो. या भागात पूल मोजके आहेत आणि काठ बदलायचा निर्णय आधीच घ्यावा लागतो. जीपीएसला हे नीट कळत नाही.

तेर्रा आल्ता म्हणजे उंचावरचा द्राक्षांचा प्रदेश. तोर्तोसाहून सी-12 नं शेर्ता, पुढे सी-43 नं पिनेय द ब्राय आणि गांदेसा, तिथून बोत, ओर्ता द सांत जुआन, मग प्रात द कोम्तेवरून परत शेर्ता आणि तोर्तोसा. शंभरेक किलोमीटर, आणि एकूण चढ बाराशे मीटरच्या पुढे. एकही चढ भयंकर नाही, पण सपाटीही नाही. सतत वर-खाली आहे, आणि त्यानंच माणूस थकतो. फेरी याच दिशेनं करावी, कारण गांदेसापर्यंतचा उघडा, वाऱ्याच्या तोंडचा भाग सकाळी उरकतो आणि ओर्तानंतर पाठीशी वारा आणि उतार दोन्ही मिळतात. पिनेय आणि गांदेसा इथली सहकारी द्राक्षमद्यालयं वास्तुरचनाकार सेझार मार्तिनेय यांची आहेत. विटांच्या त्या कमानी आत जाऊन बघण्यासारख्या आहेत, नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. ओर्तामध्ये तरुण पिकासो 1898 मध्ये येऊन राहिला आणि 1909 मध्ये पुन्हा आला.

गांदेसापासून मोराच्या दिशेला चार-पाच किलोमीटरवर कोर्बेरा आहे. स्पेनच्या यादवी युद्धातली एब्रोची लढाई 25 जुलै ते 16 नोव्हेंबर 1938 अशी चालली, आणि टेकडीवरचं जुनं कोर्बेरा तेव्हा बेचिराख झालं. ते तसंच ठेवलं आहे. सायकल खाली लावून चालत वर जा. आसपासच्या पांदोल्स आणि काव्हाल्स डोंगरांत न फुटलेला दारूगोळा आजही सापडतो, त्यामुळे पायवाट सोडून आडरानात शिरायचं नाही आणि गंजलेलं लोखंड उचलायचं नाही.

ओर्ताहून उतरायला डांबरी रस्त्याऐवजी जुना रेल्वेमार्गही आहे. व्हाल द साफानचा हा फाटा 1973 मध्ये बोगदा खचल्यावर कायमचा बंद झाला आणि आता सायकलींसाठी हरित मार्ग झाला आहे. आर्नेस-येदो स्थानकापासून तोर्तोसापर्यंत साधारण 50 किलोमीटर, जवळपास सलग उतार. पण 25 मिलीमीटरच्या टायरवर जाऊ नका. पृष्ठभाग कुठे पक्का, कुठे दाबलेली खडीमाती. 28 चालतो, 32 उत्तम. बोगदे पुष्कळ आहेत आणि आतल्या दिव्यांवर विसंबता येत नाही. कडक उन्हातून काळोखात शिरल्यावर काही सेकंद काहीच दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच समोरून चालत येणारं कुटुंब असतं. पुढचा दिवा चांगल्या ताकदीचा हवा, गॉगल आधीच डोक्यावर सरकवायचा आणि वेग ताशी दहावर आणायचा.

आता त्रिभुज प्रदेश, ज्याला लोक “सपाट आहे, एका दिवसात होईल” म्हणून सगळ्यात कमी तयारीनिशी जातात. अंपोस्ताहून पोब्ले नोउ, एनकानिसादाचं सरोवर, सांत जाउमे, तिथून 2010 मध्ये खुला झालेला लो पासादोर पूल ओलांडून देल्तेब्रे आणि परत अंपोस्ता, ही फेरी साठ-पासष्ट किलोमीटरची. समुद्रसपाटीपासून उंची फार तर तीन-चार मीटर. खाचरं, पाट आणि बांध बघून कोकणी माणसाला घरी आल्यासारखं वाटेल, फक्त इथे लावणी नसते. एप्रिलमध्ये शेतात पाणी सोडतात आणि बी थेट पाण्यात फेकतात. जुलैत सगळं हिरवंगार, सप्टेंबरात कापणी. त्यानंतर चिखलणी सुरू होते, आणि लोखंडी जाळीच्या चाकांचे ट्रॅक्टर शेतातला चिखल रस्त्यावर आणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हा ओला चिखल शेवाळासारखा निसरडा होतो. वळणं काटकोनी, कडेला कठडा नाही, लगेच पाट. वळणाआधीच वेग कमी करा, वळताना ब्रेक दाबू नका. मेस्त्राल इथे आडवा लागतो आणि अडवायला एक झाड नाही. पुढच्या चाकाची रिम 35 मिलीमीटरपेक्षा खोल नको. जोरदार झोत आला की खोल रिमचं चाक शिडासारखं वागतं.

नकाशात त्राबुकादोरची वाळूची पट्टी खुणावते. जानेवारी 2020 मधल्या ग्लोरिया वादळानं ती फोडली होती. मेकिनेन्सा आणि रिबा-रोजा इथली 1960 च्या दशकातली धरणं गाळ अडवतात, त्यामुळे हा प्रदेश खचतोय आणि समुद्र तो कुरतडतोय. ती पट्टी वाळूचीच आहे, रोड बाईकचा तिथे उपयोग नाही. त्याच धरणांमुळे नदीचं पाणी गाळाविना नितळ झालं, पाणवनस्पती माजल्या आणि त्यांना चिकटून काळी माशी वाढू लागली. उन्हाळ्याच्या आगेमागे काठावर ती दिवसाढवळ्या चावते, आणि पोटऱ्या दोन-तीन दिवस सुजलेल्या राहतात. उंच मोजे घाला आणि विश्रांतीला काठावर नको, गावात थांबा. भातशेतात संध्याकाळी डास असतात, ते वेगळे.

घाट हवाच असेल तर मोंत कारो, 1,441 मीटर. तोर्तोसा जवळपास समुद्रपातळीला, त्यामुळे सगळी उंची पायांनीच चढावी लागते. जाऊन-येऊन पन्नासच्या आत, पण अर्धा दिवस धरा. तोर्तोसालगतच्या रोकेतेसपासून रस्ता हळूहळू तापवतो आणि नंतर दहा टक्क्यांच्या पुढचे तुकडे येतात. गिअरसाठी मागच्या चकतीला 32 किंवा 34 दात, पुढच्या चकतीला 34. पाण्याच्या दोन 750 मिलीलीटरच्या बाटल्या रोकेतेसलाच भरून घ्या. माथ्यावर खालच्यापेक्षा नऊएक अंश थंडी असते. उतरताना घामेजल्या अंगावर वारा लागून बोटं आखडतात आणि ब्रेक दाबला जात नाही, तेव्हा वारारोधक जाकीट आणि पूर्ण हातमोजे खिशात हवेतच. वळणावर दगड आणि रानबकऱ्या, दोन्ही असू शकतात. मेस्त्रालच्या दिवशी कारो नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

भारतातून किंवा इंग्लंडहून येणाऱ्यांनी भाड्याची सायकल घेताना आधी ब्रेक तपासा: इथे डावी मूठ बहुधा पुढच्या चाकाची असते. सवयीनं डावी जोरात दाबली तर कोलांटी. दुकानदाराला तारा बदलून द्यायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. मोटारींनी दीड मीटर अंतर ठेवून ओलांडायचा कायदा आहे आणि बहुतेकजण तो पाळतात. तरी किनाऱ्याचा एन-340 हा महामार्ग टाळा.

खाण्याचं वेळापत्रक वाऱ्याइतकंच कडक. दुकानं दुपारी दोन ते पाच बंद, रविवारी बहुतेक बंदच. शाकाहारी असाल तर भाताच्या पदार्थांवर भरवसा ठेवू नका, तो मासळीच्या पाण्यात शिजवलेला असतो. टोमॅटो चोळलेला पाव, भाजलेल्या वांगी-मिरचीचं एस्कालिवादा, बदाम हे सगळीकडे मिळतं. आणि तोर्तोसाच्या बेकरीत पास्तिसेत मागा: करंजीच्या घाटाचे, आत भोपळ्याच्या धाग्यांचा गोड मोरावळ्यासारखा पाक. चार खिशात टाकले की गांदेसापर्यंत पुरतात.