आवड नक्की कुठनं येते

आज खानापूरकडं नात्यातल्या लग्नाला जाऊन आलो, रात्री झोप येईना म्हणून लिहायला बसलोय. हळदीला सगळी पिवळ्या कपड्यात, नवरीच्या एंट्रीला पायाशी तो पांढरा धूर, डोक्यावर ड्रोन, आणि गाणं तर तेच जे मागं निपाणीच्या लग्नात ऐकलं होतं. पोरांची हौस खरी होती, त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, राबली बिचारी. पंगतीत मांडे आले तेव्हा मात्र फार बरं वाटलं, आपल्या मुलखातलं एवढं तरी पानात होतं.

तिथं एक पाहुणे म्हणाले सगळं या रील्सनी बिघडवलं, अर्ध्या मिनिटात काय कळणार माणसाला. टिकटॉक २०२० च्या जूनमध्ये बंद झालं आणि पुढच्याच महिन्यात रील्स आली, तेव्हापासनं हे वाक्य मी सगळीकडं ऐकतोय. पण मला ते पटत नाही. भीमसेन जोशी गदगचे, कन्नड घरातले. लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी त्यांनी रेकॉर्डवर ऐकली, आणि १९३३ मध्ये पोरगं गुरू शोधायला घर सोडून निघालं. त्या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची हो! तेवढ्यात एका पोराचं आयुष्य फिरलं. मग छोटं असण्यात काय वाईट आहे?

बरं, नक्कल करण्यातही वाईट नाही. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ ला जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन दाखवायचे, लोक चकित व्हायचे, आणि पुढं कुणासारखं गायले नाहीत तेही तेच.

मग फरक कुठं पडला? मला वाटतं तबकडी संपली की सुई उचलायला लागायची. पुन्हा ऐकायचं तर उठून पुन्हा लावायची, आणि तीच तीच ऐकून ती अंगात मुरायची. फोनवर एक संपायच्या आत दुसरं आलेलं असतं, ते मी मागितलेलं नसतं, मी मघाशी कशावर किती वेळ थांबलो त्यावरनं त्यानं काढलेलं असतं. म्हणजे कालचाच मी मला परत परत वाढला जातो.

आमच्या घरी रेडिओ स्वयंपाकघरात फळीवर होता. सांगली पण लागायचं आणि धारवाड पण, वारा-पावसात जे नीट येईल ते. आज्जीला कन्नड धड बोलता यायचं नाही पण धारवाडवरची दासरपदं, म्हणजे पुरंदरदासांसारख्या कन्नड संतांची भजनं, ऐकून ऐकून तिला पाठ झाली होती, भाकरी थापताना विठ्ठलाचा अभंग झाला की पुरंदरदास सुरू, तिला दोन्हीकडचा विठ्ठल एकच. ती काय कन्नड शिकायला बसली नव्हती, घरात एकच रेडिओ, दुसऱ्या कुणीतरी लावलेलं कानावर पडत गेलं. आपल्या सीमाभागात भाषेवरनं एवढी वर्षं भांडण चाललंय, मी मराठीच्या बाजूचा माणूस आहे आणि राहणार, पण त्या फळीवरच्या रेडिओनं माझ्या कानाला जे दिलं ते मी कुणालाही काढू देणार नाही. आता एकाच घरात चौघांच्या कानात चार वेगळी गाणी असतात, आणि शेजारी बसलेल्याला काय आवडतं तेच माहीत नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे सगळं पुतण्याला गाडीत बोललो तर म्हणाला, "काका, मी फोनवरच बघून बासरी शिकूलालोय की." खरंय. एकच धडा तो महिनाभर लावून बसलाय, बोटं चुकली की परत मागं नेऊन ऐकतो. म्हणजे फोनवरही तबकडीसारखं ऐकता येतं, फक्त पुढचं आपोआप येणारं बंद करायला लागतं, आणि ते त्याचं त्यानंच केलंय.

ब्लूटूथचा स्पीकर कपाटात पडून आहे, तो उद्या स्वयंपाकघरात लावणार. ज्याची पाळी त्यानं लावायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग ते कुठलंही असो. वहिनीला सांगितलं तर लगेच म्हणाली, "भाऊजी, पहिली पाळी माझी, आणि मी कन्नड भावगीतं लावणार हं."