रोबोटिक सर्जरी: ऑपरेशन करतो कोण?

रोबोटिक सर्जरी म्हटलं की लोकांना वाटतं मशीन आपोआप ऑपरेशन करतं, पण तसं अजिबात नाहीये. सर्जन कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलाशी, बसलेला असतो, डोळ्यासमोर थ्रीडी चित्र, आणि त्याची बोटं हलतील तशी पेशंटच्या पोटातली बारीक हत्यारं हलतात. हाताची थरथर मशीन गाळून टाकतं, शिवाय हात ३ सेंटिमीटर हलला तर हत्यार १ च सेंटिमीटर हलेल असं सेट करता येतं, म्हणून प्रोस्टेटसारख्या खोल, अडचणीच्या जागी टाके घालायला हे फार कामाचं.

२००१ मध्ये तर न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉक्टरांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या पेशंटचं पित्ताशय रोबोटनं काढलं, मधे अख्खा अटलांटिक!

इतकी वर्षं खरी अडचण स्पर्शाची होती, टाका किती ओढला जातोय हे नजरेनंच ओळखायचं. २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या दा विंची ५ या सर्जरीच्या रोबोटमध्ये तो ताण हाताला जाणवायची सोय आलीये आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी सुधारणा आहे. आता ह्युगो, वर्सियस असे स्पर्धक रोबोटही आलेत, त्यामुळे खर्च खाली यावा ही मनापासून इच्छा. तोवर पेशंटनं मशीनचं नाव विचारण्यापेक्षा सर्जननं त्यावर किती ऑपरेशन्स केलीत ते विचारावं, बिनधास्त.