हेर्नहूट: नकाशावर रेघ आहे, गाडी नाही

पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनहून मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं मूळ गाव हेर्नहूट बघायला निघणाऱ्यांनी आधी हे ऐकून ठेवा: हेर्नहूटला रेल्वे जात नाही. नकाशावर ल्योबाऊहून हेर्नहूटमार्गे त्सिटाऊच्या दिशेला जाणारी रूळांची रेघ ठळक दिसते, जुन्या माहितीपत्रकांत 'स्टेशनपासून दहा मिनिटं' असंही छापलेलं सापडतं. त्या मार्गावरची प्रवासी गाडी १९९८ साली बंद झाली. ड्रेस्डेन ते ल्योबाऊ साधारण सव्वा तास, गाडी वेळेवर, खिडकीबाहेर हिरवंगार. तिथपर्यंत तक्रार नाही. खरी परीक्षा पुढच्या बारा-तेरा किलोमीटरची.

तिथे बस आहे, पण वेळापत्रक नीट वाचता आलं पाहिजे. फेरीच्या वर 'एस' असेल तर ती फक्त शाळेच्या दिवशी धावते, 'एफ' असेल तर फक्त सुट्टीच्या काळात. खुणांचा अर्थ तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात असतो, तो वाचल्याशिवाय थांब्यावर उभं राहू नका. काही फेऱ्यांपुढे टेलिफोनचं चित्र असतं. ती बस आधी फोन करून बोलवावी लागते, नाहीतर येतच नाही, आणि थांब्यावर उभ्या माणसाला हे सांगायला कोणी नसतं. शनिवार-रविवारी दोन फेऱ्यांमधलं अंतर इतकं वाढतं की एक चुकली तर अर्धा दिवस गेलाच. मंगळवार ते गुरुवार जा, आणि परतीची बस आधी ठरवून मग जायची बघा. डॉइचलांड-तिकीट (२०२६ पासून महिना ६३ युरो) लोकल गाडीला आणि बसला दोन्हीकडे चालतं, वेगळं काही काढू नका.

ल्योबाऊ स्टेशनबाहेर टॅक्सीवाला 'एकरकमी' भाव सांगेल. तो ऐकायचा नाही, मीटर टाकायला लावायचं. साठ युरोपासून सुरुवात झाली होती, तेवढ्यात दोघांचं ड्रेस्डेनला रात्रीचं जेवण होतं.

'मग चालतच जाऊ' म्हणणाऱ्यांनी जावं, पण सांभाळून. चढ काहीच नाही, सह्याद्रीत फिरणाऱ्याला तर हसू येईल. त्रास रस्त्याचा. गावाची पाटी संपली की फूटपाथ संपतो आणि मोटारींना ताशी शंभरची मुभा असते. वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून पायी जाणाऱ्याने डावी कड धरायची, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. आपल्या सवयीच्या बरोब्बर उलट. पाऊस असेल तर ट्रकच्या पाण्याने कमरेपर्यंत भिजायला होतं. साडेतीन तास धरा. ऐपत असेल तर सायकल गाडीत चढवून आणा, हा सगळा वैताग वाचतो.

आता ज्यासाठी जायचं त्याबद्दल. इथेही बहुतेक जण फसतात.

चौकातली पांढरी किर्खेनझाल, म्हणजे प्रार्थनेचा मोठा हॉल, बघून लोक म्हणतात, 'हेच ते, १७२७ मध्ये सगळं इथेच घडलं.' साफ चूक. ही इमारत १७५६-५७ ची. शिवाय मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता गावाच्या मध्यभागाला आग लागली आणि हॉल जळून गेला. आज आपण ज्यात उभे राहतो ती १९५३ पर्यंत पुन्हा उभारलेली वास्तू. १३ ऑगस्ट १७२७ चा तो प्रभुभोजनाचा प्रसंग, ज्याला मोरेव्हियन लोक आपल्या पंथाचा पुनर्जन्म मानतात, तो घडला खाली बेर्टल्सडोर्फच्या गावचर्चमध्ये, सुमारे दोन किलोमीटरवर. तेव्हा हेर्नहूटला पाच वर्षं जुनी वस्ती होती, चर्च नव्हतं. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी बेर्टल्सडोर्फ, मग वर हेर्नहूट.

संस्थापक म्हटलं की सगळीकडे काउंट (सरदार) त्सिन्त्सेनडोर्फचं चित्र. जमीन त्याची, हे खरं. १७२२ साली बेर्टल्सडोर्फची जहागीर त्याने आजीकडून विकत घेतली, वय बावीस. पण पहिलं झाड पडलं तेव्हा तो जागेवर नव्हता, ड्रेस्डेनला दरबारी नोकरीत होता. १७ जून १७२२ ला कुऱ्हाड चालवली क्रिस्टियान डाविड या मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) सुताराने. धर्मछळामुळे तिथून निघालेल्या नायसर कुटुंबाला सीमेपलीकडून गुपचूप घेऊन आला तोही हाच. जागा दाखवली जहागिरीचा कारभारी हाइट्स याने, ल्योबाऊ-त्सिटाऊ रस्त्यालगत, हूटबेर्ग टेकडीच्या पायथ्याशी. 'हेर्नहूट' हे नावही हाइट्सच्याच पत्रात येतं: प्रभूची राखण, आणि टेकडीच्या नावावर कोटी. पहिल्या झाडाच्या जागी स्मारकशिळा आहे, तिच्यावरून सरळ पुढे जाणारेच जास्त. पैशाचा आणि घराचा गाडा ओढला काउंटच्या बायकोने, एर्डमूटे डोरोटेआने. १७३६ मध्ये काउंटला सॅक्सनीतून हद्दपार केलं, १७४७ मध्ये परत येऊ दिलं. ती वर्षं वस्ती टिकली यातलं श्रेय तिलाही द्यायला हवं. १७५६ मध्ये ती गेली, नवा हॉल तिने पुरा झालेला पाहिलाच नाही.

हॉलमध्ये शिरल्यावर चर्चची सवय असलेला माणूस गोंधळतो. वेदी नाही, व्यासपीठ नाही, मूर्ती नाही, रंगीत काच नाही. भिंती पांढऱ्या, बाकं पांढरी. बाकं दाराकडून टोकापर्यंत लांबीच्या रांगेत नाहीत, आडवी आहेत: लांब भिंतीच्या मध्यावर एक साधं मेज, त्याच्याकडे तोंड करून सगळे रुंदीत बसतात, म्हणजे शेवटचा माणूसही जवळ राहतो. पूर्वी पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. बाकं जमिनीला ठोकलेली नाहीत, हलवता येतात. पाच मिनिटांत 'काहीच नाही इथे' म्हणून बाहेर पडू नका. मेजासमोर मधल्या बाकावर बसा आणि डावी-उजवीकडे बघा, रचना तेव्हा कळते. प्रार्थना चालू असेल तर कॅमेरा पिशवीत.

गोटेसआकर, म्हणजे 'देवाचं शेत', हे १७३० पासूनचं कब्रस्तान हॉलपेक्षा दहापट चांगलं. लिंडनच्या कापलेल्या झाडांच्या रांगा, त्यांत जमिनीलगत आडव्या शिळा, मोची असो की बिशप, माप सारखंच. इथेही स्त्रिया-पुरुष वेगवेगळ्या बाजूंना. अपवाद एकच, मधल्या वाटेवर काउंटच्या घराण्याच्या उंच कबरी. समानतेच्या शेतात तेवढ्याच खटकतात. शिळांवर शेवाळ असतं, अक्षरं तिरप्या उन्हातच वाचता येतात, म्हणून दुपारी बाराला न जाता सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. ईस्टरच्या पहाटे पितळी वाद्यं वाजवत सगळी मंडळी इथे येतात. त्या दिवसांत मुक्काम हवा असेल तर फार आधी ठरवावा लागतो. वर हूटबेर्ग टेकडीवरच्या आल्टान बुरुजावरून चहूकडे दिसतं, चढ पर्वतीपेक्षा सोपा.

मनाली-लेह बाइकवाल्यांसाठी एक धागा. ज्या केलांगला आपण मुक्काम ठोकतो तिथे हायडे आणि पागेल या मोरेव्हियन प्रचारकांनी १८५० च्या दशकात ठाणं मांडलं. जायचं होतं मंगोलियाला, तिबेटने वाट दिली नाही. १८५७ मध्ये त्यांच्यात येऊन मिळालेला येश्के याच हेर्नहूटचा. त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ चा. तो १८८३ मध्ये हेर्नहूटलाच वारला. गावातल्या मानववंश संग्रहालयात अशा प्रचारकांनी जगभरातून आणलेल्या वस्तू आहेत, दीड तास काढा. युनेस्कोच्या यादीत हेर्नहूट आलं तेही जुलै २०२४ मध्ये, दिल्लीत भरलेल्या बैठकीत.

नाताळात टांगायचे कागदी तारे ही हेर्नहूटची ओळख. त्यांच्या कारखान्यात गर्दी असते, पण तारा घ्यायचाच तर सुटा घ्या: १७ चौकोनी आणि ८ तिकोनी टोकं, सपाट पेटीत बसतात. जोडलेला तारा विमानात चेपतोच. टोकं जोडायच्या पितळी खिळ्या मोजून घ्या, एक कमी पडली तरी तारा लटकताना उघडतो.

जवळची गोर्लित्स आणि त्सिटाऊ ही शहरं सुंदर, तिथे कसलीच अडचण नाही, म्हणून लिहीत नाही. हेर्नहूटच्या थांब्यावर मात्र संध्याकाळच्या शेवटच्या बसच्या वीस मिनिटं आधी उभे राहा, आणि उभे राहिलात ती बाजू ल्योबाऊकडची आहे की त्सिटाऊकडची, हे थांब्यावरच्या पाटीवरून पक्कं करून घ्या.