कॅप्टन मराठीत बोलला

वाचन प्रेरणा दिनाला दरवर्षी आमच्या ग्रंथालयात कुणीतरी पाहुणा येतो, पुस्तकांचं महत्त्व सांगतो आणि चहा पिऊन जातो. यंदा पाहुण्यांनी आयत्या वेळी तब्येतीचं कारण कळवलं. अध्यक्ष म्हणाले, "ग्रंथपाल, आता तुम्हीच काय ते बघा." मी सिनेमा लावायचं ठरवलं. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोचा 'फॅरनहाइट ४५१', १९६६ चा. पुण्यात शिकताना फिल्म सोसायटीत पाहिलेला आणि तेव्हापासून माझ्या अतिशय आवडीचा. पुस्तक बाळगणं हा गुन्हा आहे आणि अग्निशमन दल आग विझवत नाही, पुस्तकं जाळतं, असा त्यातला काळ. ग्रंथपालाला याहून सोयीचा सिनेमा कुठला मिळणार?

सिनेमाची सुरुवात छपरांवरच्या अँटेनांनी होते. श्रेयनामावली पडद्यावर येत नाही, एक आवाज ती बोलून दाखवतो. वाचनच बंद असलेल्या जगात अक्षरं कुठून येणार? कॉलेजात असताना या कल्पनेवर मी जाम खूश होतो. इथे पहिल्या रांगेतून आवाज आला, "साहेब, नावं उमटेनात. मशीन बिघडलंय का?"

नावं उमटणार नव्हतीच, पण आमच्या डीव्हीडीवर सबटायटल्सही नव्हती. समोर ज्येष्ठ सभासद, शाळेची पोरं आणि चहासाठी अभ्यासिकेतून खाली आलेली स्पर्धा परीक्षेवाली मंडळी. इंग्रजी संवाद निम्म्यांच्या डोक्यावरून जायला लागले, तेव्हा मी माईक घेतला आणि पडद्याशेजारी उभा राहून प्रत्येक वाक्य मराठीत सांगू लागलो.

यात एक गंमत कळली. त्रुफोचा इंग्रजीत केलेला हा एकच सिनेमा, आणि त्याला स्वतःला ती भाषा धड येत नव्हती. त्यामुळे संवाद सरळ, काहीसे लाकडी आहेत. समीक्षकांनी यावर नाकं मुरडली. माझं मात्र काम सोपं झालं. नायक माँटॅग झालेला ऑस्कर वर्नर आणि त्रुफो यांचं चित्रीकरणात पार बिनसलं होतं. वर्नरचा तो ताठरपणा तरुणपणी मला अभिनय वाटायचा, आता नुसता राग दिसला. शेवटाकडे तारांना लटकून उडणारे पोलीस आले, तेव्हा पोरं खदखदून हसली. हसण्यासारखेच आहेत ते.

पण माँटॅग पहिल्यांदा पुस्तक उघडतो तो प्रसंग अजून तसाच घट्ट आहे. 'डेव्हिड कॉपरफील्ड' घेऊन तो रात्री बसतो आणि थेट कथेला हात घालत नाही. शीर्षकपानावर बोट फिरवत लेखकाचं नाव, प्रकाशक, पत्ता, सगळं एकेक शब्द लावत वाचतो. दाखल नोंदवहीत जे लिहावं लागतं तेवढं सगळं! आयुष्यभर ती नोंदवही लिहिलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते ज्याचं त्यानं समजावं.

मग आला म्हाताऱ्या बाईच्या घरावरचा छापा. माळ्यावर लपवलेलं आख्खं ग्रंथालय सापडतं आणि सिरिल क्यूसॅकनं केलेला कॅप्टन एकेक पुस्तक उचलत माँटॅगला शिकवू लागतो. मी त्याच्या वतीने 'मी', 'आपण' करत बोलत होतो. कादंबऱ्या जाळायच्या, कारण त्या वाचून माणसं स्वतःच्या आयुष्यावर नाराज होतात. तत्त्वज्ञान म्हणजे नुसती फॅशन, यंदा आखूड झगे तर पुढच्या वर्षी लांब. 'रॉबिन्सन क्रूसो' काळ्या लोकांना आवडलं नाही, नीत्शे ज्यूंना आवडला नाही. फुप्फुसाच्या कर्करोगावरच्या पुस्तकानं विडी-सिगारेटवाले घाबरले. तेव्हा सगळ्यांच्या मनःशांतीसाठी जाळा! हातात हिटलरचं 'माइन काम्फ' असतानाही त्याचं म्हणणं तेच, सगळी जाळा.

"मग काय चुकीचं बोलतोय तो?" गुरुजी म्हणाले. मोठ्यानं.

इथे सांगायला हवं की माझ्या टेबलाच्या खणात अर्जांची एक फाईल आहे. 'सदर पुस्तक ग्रंथालयातून काढून टाकावे' या मजकुराचे अर्ज. एका बाजूचे आहेत तसे दुसऱ्या बाजूचेही आहेत, आणि भाषा सगळ्यांची सारखी: भावना, समाज, पुढची पिढी. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. एका आत्मचरित्रातल्या दोन पानांवरून त्यांचाही अर्ज त्यात आहे.

कॉलेजात मला हा सिनेमा सरकारबद्दलचा वाटला होता. वरून हुकूम सुटतो, खाली पुस्तकं जळतात. पण सिनेमा ज्यावरून केला त्या अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरीच्या १९५३ च्या मूळ कादंबरीत कॅप्टन स्पष्ट सांगतो की सुरुवात सरकारनं केली नाही. आधी लोकांनाच पुस्तकं नकोशी झाली. तेव्हा तिकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. ५ जानेवारी २००४ ला पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत एका पुस्तकावरून जी मोडतोड झाली, त्यामागे कुठला सरकारी आदेश होता? जमाव आला होता. माझ्या फाईलमधले अर्जदार तर जमावही नाहीत. वेळेवर वर्गणी भरणारे, पुस्तक वेळेत परत करणारे सभासद आहेत.

गुरुजींच्या वाक्यावर हॉलमध्ये जुंपली. कुणी म्हणालं, काही पुस्तकं खरंच घाण असतात. अभ्यासिकेतली एक मुलगी म्हणाली, घाण कोण ठरवणार? या गोंधळात पडद्यावरच्या बाईनं पुस्तकांच्या ढिगावर उभं राहून स्वतःच्या हातानं काडी ओढली. ते फारच थोड्यांनी पाहिलं.

सिनेमा संपल्यावर गुरुजी माझ्याकडे आले. "खरं सांगा. तो कॅप्टन असं बोललाच नव्हता ना? माझा अर्ज तुमच्याकडे आहे, म्हणून तुम्ही पदरचं घातलंत."

मी शपथा घेत बसलो नाही. त्या मुलीचं इंग्रजी चांगलं आहे. तिला बोलावलं, तोच प्रसंग पुन्हा लावला आणि म्हटलं, आता तू सांग. तिनं सांगितलं. माझ्यापेक्षा जरा झोंबेल असंच सांगितलं. ॲरिस्टॉटलचं पुस्तक वाचणारा स्वतःला न वाचणाऱ्यापेक्षा शहाणा समजतो, म्हणून तेही जाळायचं, हे कॅप्टनचं वाक्य तर गुरुजींनी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

"माणूस भलताच वाचलेला दिसतो," ते म्हणाले.

"म्हणून तर धोक्याचा," ती म्हणाली.

गुरुजींनी चपला घातल्या. दारातून वळून म्हणाले, "माझा अर्ज मी मागे घेणार नाही हं. मंडळापुढे ठेवा."

ठेवला आहे. बैठक शनिवारी आहे.