आमची वाटचाल : आधी भिजू द्या

२०१६ च्या पावसाळ्यात मला चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, सांधे मात्र पुढे पाच महिने धरलेले होते. सकाळी उठल्यावर फडकं पिळण्याएवढाही जोर मनगटात नसायचा. आम्ही नुकतेच पुण्याजवळ वाघोलीला राहायला आलो होतो. मुलगा दुसरीत, नवरा रांजणगावला शिफ्टमध्ये आणि सोसायटीला पाणी टँकरचं. टँकरच्या पाण्यावर ज्यांनी घर चालवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आठ दिवस नळ पुसला नाही की पांढरा थर चढतो, बादलीला आतून खरखरीत कड येते, शॉवरची निम्मी भोकं बुजतात.

एके रात्री दूध करपलं. स्टीलचं पातेलं घेऊन मी घासत उभी राहिले. हाताला कळा यायला लागल्या आणि मला रडू फुटलं. सासूबाईंनी पातेलं हातातून घेतलं, त्यात पाणी आणि दोन चमचे खायचा सोडा घातला, एक उकळी आणली आणि गॅस बंद केला. "भिजू दे गं त्याला," म्हणाल्या, "आणि तूही पड जरा." सकाळी करपलेला थर पापुद्र्यासारखा सुटून वर आला होता. साफसफाईच्या पुड्यांच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात मी त्या पातेल्यापासून धरते.

तोवर माझ्या लेखी साफसफाई म्हणजे घासणं. घासलं नाही तर निघणार कसं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. आमच्या खालच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात, त्यांना मी पातेल्याची गोष्ट सांगितली. त्यांनी कागदावर एक वर्तुळ काढलं आणि त्याचे चार भाग केले: रसायन, उष्णता, जोर, वेळ. १९५९ साली हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने मांडलेली ही कल्पना धुलाईच्या धंद्यात आजही शिकवतात. चारांपैकी एक कमी पडलं तर बाकीच्यांनी ते भरून काढायचं. मी त्या कागदाकडे बघत बसले. थकलेल्या माणसाकडे जोर नसतो, पण रात्र असते. आपण झोपलेले असताना सात-आठ तास पाणी आणि सोडा काम करू शकतात, आणि आपण ते तास वायाच घालवत होतो.

पुढचं वर्षभर घरात प्रयोग चालले. बोहरी आळीतून प्लास्टिकच्या बरण्या, छोटा वजनकाटा आणि पिशव्या बंद करायचं मशीन आणलं. २०१७ च्या दिवाळीत सोसायटीतल्या चार घरी पहिल्या पुड्या दिल्या, पन्नास-पन्नास ग्रॅमच्या, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीसकट. तेव्हा दोनच प्रकार होते आणि आजही दोनच आहेत: पिवळ्या पुडीत लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक आम्ल, निळ्या पुडीत धुण्याचा सोडा म्हणजे अल्कली. पाण्याच्या क्षाराला आम्ल लागतं आणि तेलकटपणाला अल्कली, घरातली बहुतेक घाण या दोन खात्यांत बसते. ही काही माझी अक्कल नव्हे. माझी आत्या सातारा जिल्ह्यात पितळी तांब्या चिंचेने घासायची आणि तेलाचं भांडं राखेने. चिंचेत आम्ल आहे, लाकडाच्या राखेत पोटॅश, म्हणजे अल्कलीच. जोडी तीच, आम्ही फक्त ती मोजून पुडीत बांधली.

बरेच जण विचारतात, दोन्ही एकदम टाकलं तर? फसफस जोरात दिसते, त्यामुळे काहीतरी मोठं घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं खारट पाणी. त्यासाठी पैसे घालवू नका.

२०१८ मध्ये आमच्या हातून एक चूक झाली, ती सविस्तर सांगायला हवी. हडपसरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी रात्री लिंबूसत्वाच्या पाण्याचं फडकं नळाला गुंडाळलं. त्यातून पाणी ठिबकत राहिलं आणि ओट्यावर साचलं. सकाळी काळ्याभोर कडप्प्यावर हातभर पांढुरका डाग पडलेला. कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याचेच दगड. नळावरचा क्षारही मुख्यतः चुन्याचाच. आम्ल क्षार खातं तसं दगडही खातं. दगडाची झिलई गेली तर ती पुसून परत येत नाही, पॉलिशच करावं लागतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आमच्या चिठ्ठीत त्याबद्दल एक शब्द नव्हता. बाई रागावल्या नाहीत. "अहो, एकदा येऊन माझा ओटा बघून जा," एवढंच म्हणाल्या. आम्ही गेलो, पॉलिशवाला आणला, खर्च दिला आणि ज्या ज्या घरी पुड्या गेल्या होत्या तिथे फोन करून, कुठे कुठे स्वतः जाऊन चिठ्ठ्या बदलल्या. तेव्हापासून पिवळ्या पुडीवर पहिली ओळ त्या चार दगडांची असते, वापरायची रीत त्यानंतर. आपला दगड कोणता ते माहीत नसेल तर एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. जागा निस्तेज झाली किंवा बुडबुडे आले, तर पिवळी पुडी त्या ओट्याच्या आसपासही नको.

२०१९ मध्ये भांड्यांचा द्रव साबण करून पाहिला. तो दाट करायला मीठ घालतात. ठरावीक मात्रेपर्यंत साबण दाट होत जातो आणि त्यापुढे चमचाभर जरी जास्त पडलं तरी पुन्हा पाण्यासारखा पातळ होतो. आमचं पहिलं पिंप असंच गेलं. दुसऱ्या पिंपात टिकाऊपणासाठी घालायचं द्रव्य कमी पडलं आणि जुलैत त्याला वास यायला लागला. त्यातून एका दुकानदाराने उधारीवर माल नेला आणि त्याचे पैसे आले नाहीत. द्रव साबण बंद केला. पुड्यांवरच राहायचं हे तेव्हा ठरलं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सोसायट्यांनी कामवाल्या ताईंना आत घेणं थांबवलं. घरूनच ऑफिस, घरातच शाळा आणि तीन वेळची भांडी. व्हॉट्सॲपवर दिवसाला दोन-तीन मागण्या येत होत्या, त्या चाळीसवर गेल्या. त्याच वर्षी उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी केली आणि हॉल सोडून वाघोलीतच एक छोटा गाळा भाड्याने घेतला.

याच काळात कुणीतरी ओळखीच्या ग्रुपवर लिहिलं की या पुड्या आळशी बायकांसाठी आहेत. ते मला लागलं, आजही लागतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आलंय, पुरुषांचा ९७. पाच तास राबणाऱ्या बाईला आळशी कोण म्हणणार? आमच्याकडून पुड्या घेणाऱ्यांत रात्रपाळीच्या नर्स आहेत, बाळंतीण आहेत, केमोथेरपी चालू असलेल्या एक ताई आहेत, एकटे राहणारे आजोबा आहेत. त्यांना जोर आणा असं सांगून उपयोग नाही.

फोनवर आम्ही त्यांना साधारण असं सांगतो. दमलेल्या दिवशी फरशी राहू द्या. धूळ उद्यापर्यंत थांबते, खरकटं थांबत नाही, त्यावर झुरळं येतात. भांडी घासायची नसतील तर निदान विसळून पाण्यात टाका, वाळू देऊ नका. तेलकट स्टीलचे डबे आणि गाळणी निळ्या पुडीच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवा. ॲल्युमिनियम त्यात कधीच नको, काळं पडतं. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा झाला असेल तर त्याला पिवळी पुडी लागते. पाण्यात चमचाभर घालून दहा मिनिटं उकळा, मग पाणी ओतून विसळा. झोपताना अर्धी पिवळी पुडी कमोडमध्ये टाका, सकाळी ब्रश फिरवून पाणी सोडा. क्षार चढलेला मग आणि बादलीही रात्रभर चालते. नळ आणि शॉवर मात्र अर्धा तासच, नाहीतर त्यांचा मुलामा जातो. पंखा पुसायचाच असेल तर पात्यावर जुना अभ्रा चढवून मागे ओढा, धूळ आतच राहते. आणि जे करायचं ते स्टुलावर बसून करा. ओट्याशी उभं राहूनच काम झालं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाला दोनदा सांगतो, ऐकणारा कंटाळला तरी. पिवळी पुडी किंवा बाजारातलं कुठलंही आम्ल असलेलं टॉयलेट क्लीनर ब्लीचबरोबर कधीही वापरू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. दमलेला माणूस "दोन्ही टाकून मोकळं होऊ" असाच विचार करतो, म्हणून ही सूचना पुडीच्या दोन्ही बाजूंना लाल अक्षरांत छापतो.

आज गाळ्यात आम्ही पाच जणी आहोत. लिंबूसत्वाची पूड उडली की नाकात आणि डोळ्यांत झोंबते, म्हणून मास्क, चष्मा, हातमोजे सक्तीचे. काम बसूनच होतं आणि दर दोन तासांनी जागा बदलतात, एकाच मनगटावर भार नको म्हणून. मनगट धरलं की काय होतं ते मला पक्कं ठाऊक आहे.

गेल्या वर्षी कोथरूडच्या एका आजींनी कळवलं की पुडी चांगली आहे, पण फाडता येत नाही, शेजारच्या मुलाला बोलवावं लागतं. इतकी वर्षं ही गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती. आता एका बाजूला खोल खाच आणि धरायला रुंद कड असलेली पुडी करून पाहतोय. संधिवात असलेल्या दहा ग्राहकांना नमुने पाठवले होते. सात जणींचं उत्तर आलंय: उघडते, पण हात ओला असला की निसटते. या आठवड्यात कड थोडी खरखरीत करून पुढचे नमुने पाठवणार आहोत, त्या आजींना सगळ्यात आधी.