गीझरचा प्लग आला एकदाचा नेटवर्कवर

शनिवार. गीझरसाठी आणलेला १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग जोडायला बसलो. दिवा भराभर लुकलुकतोय, ॲपमधलं चक्र ९९ टक्क्यांपर्यंत जातंय आणि तिथेच अडतंय. सात वेळा. आठव्या वेळी आईचा बाथरूममधून आवाज, "पाणी तापणार आहे का आज, की गॅसवर ठेवू?"

प्लगमध्ये ईएसपी८२६६ चिप आहे, म्हणजे कारभार फक्त वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर, ५ गिगाहर्ट्झचा रेडिओच नाही. राउटरचे दोन्ही बँड एकाच नावाखाली आणि फोन राउटरच्या शेजारी, त्यामुळे तो ५ वर चिकटलेला. भराभर लुकलुकणाऱ्या मोडमध्ये फोन वाय-फायचं नाव नि पासवर्ड पॅकेटांच्या लांबीत दडवून पाठवतो आणि प्लग ते हवेतून टिपतो. फोन एका बँडवर आणि प्लग दुसऱ्या असला की हे कधी जमतं, बहुतेकदा नाही. बटण परत दाबून धरलं, दिवा सावकाश लुकलुकायला लागला. आता प्लग स्वतःच हॉटस्पॉट होतो, फोन त्याला जोडायचा आणि पासवर्ड थेट हातात द्यायचा. दोन मिनिटांत काम झालं.

रविवार. तरी दोन्ही बँडना वेगळी नावं दिलीच. ५ गिगाहर्ट्झ बंद करून टाका असा सल्ला बरेच जण देतात, मला तो पटत नाही. मी जुनं नाव आणि जुना पासवर्ड २.४ कडेच ठेवला, नवीन नाव दिलं ५ ला. त्यामुळे आधीच्या अकरा उपकरणांना हात लावावा लागला नाही. फक्त दोन फोन, लॅपटॉप आणि टीव्ही नव्याने जोडले. फोन ५ वर असला तरी प्लग चालतो, नेटवर्क आतून एकच आहे. गेस्ट नेटवर्कवर टाकला असता तर कदाचित चालला नसता, तिथे उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. वाय-फायची सुरक्षा जुन्या डब्ल्यूपीए२ पद्धतीवरच ठेवली. नुसतं डब्ल्यूपीए३ केलं की जुने बल्ब रुसतात.

मंगळवार. बाल्कनीतला बल्ब गायब! फोनला नेटवर्क दिसतंय, बल्बला नाही. राउटरचा चॅनल ऑटोवर होता आणि साहेब १३ वर जाऊन बसले होते. आपल्याकडे १३ चालतो, पण हा बल्ब ११ च्या पुढे ऐकत नाही. चॅनल १ कायमचा केला, रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ. झिगबीचे (वाय-फायसारखीच, पण वेगळी बिनतारी पद्धत) सेन्सर त्यांच्या चॅनल २५ वर आहेत, ते २.४ च्या वरच्या टोकाला, त्यामुळे भांडण नाही.

गुरुवार. प्लगचा सिग्नल उणे ७८ डीबीएम होता (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). राउटर टीव्हीच्या कपाटातून बाहेर काढून वर ठेवला, उणे ६६ झाला. आईला वायर दिसते म्हणून तो संध्याकाळी परत कपाटात गेलाय. उणे ७८ वरही गीझर पहाटे पावणेसहाला लागतोय, सध्या तेवढ्यावर भागवतोय.